बढती नको म्हणणारी आई

कारखान्याच्या कार्मिक विभागात काम करत असल्यामुळे बढतीची पत्रं माझ्याच हातून दिली जातात. पत्र मिळालं की माणसं ते दोनदा वाचतात, मग घरी फोन लावायला बाहेर पळतात. पॅकिंग विभागातल्या त्या बाई मात्र तासाभरात माझ्या टेबलाशी परत आल्या आणि पत्र पुढे सरकवून म्हणाल्या, "मॅडम, हे परत घ्या. मला सुपरवायझर व्हायचं नाही."

मला वाटलं, जबाबदारीची धास्ती वाटत असेल. पण तसं नव्हतं. त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. एका बाजूला आत्ताचा पगार, भाडं, किराणा, मुलाच्या पाळणाघराची सवलतीची फी. दुसऱ्या बाजूला नवा पगार आणि पूर्ण फी. नव्या पगारानं त्या सवलतीची उत्पन्नमर्यादा जेमतेम ओलांडत होत्या आणि ओलांडली की सवलत एकदम बंद. "पगार वाढतोय हो," त्या म्हणाल्या, "पण महिनाअखेर हातात आत्तापेक्षा कमी राहतंय."

मी कॅल्क्युलेटर घेऊन आकडे पुन्हा मांडून पाहिले. त्यांचा हिशोब बरोबर होता.

त्यांची फाइल मला चांगली माहीत होती. सुरुवातीला त्या कंत्राटी होत्या. मुलाला शेजारची एक बाई सांभाळायची. ती आजारी पडली, गावाला गेली, तिच्याकडे पाहुणे आले की यांचा खाडा ठरलेला. आमच्याकडे न कळवता झालेल्या खाड्याला दिवसाचा पगार जातोच, शिवाय महिन्याचा हजेरी भत्ताही जातो. म्हणजे मुलाला ताप आला एका दिवसाचा, पण नुकसान कितीतरी दिवसांचं. ते भरून काढायला व्याजानं पैसे. हप्ता चुकू नये म्हणून रात्रपाळी मागून घ्यायची आणि दिवसा मूल जागं असल्यामुळे झोप नाही. त्या काळातल्या हजेरीपटावर शेरा आहे, 'अनियमित'. कामात कुठे चूक नाही, माल परत आलेला नाही, तरीही कंत्राट वाढवायची वेळ आली की त्यांचं नाव तळाला.

गरिबी म्हणजे कमी पगार असं आपण धरून चालतो. इतकी वर्षं हजेरीपट पाहून माझं मत असं झालंय की बेभरवशाचा पगार त्याहून वाईट. कमी का होईना, दर महिन्याला तेवढाच येणार म्हटलं तर माणूस कर्ज फेडतो, काही शिकतो, पुढचं ठरवतो. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर एखादा खाडा निभतो. एकट्या पालकाला तो निभत नाही.

मग त्यांना एका संस्थेच्या पाळणाघरात सवलतीची जागा मिळाली. पहिली पाळी सुरू होण्याआधी उघडणारं पाळणाघर. या वेळेचं महत्त्व मला फार वाटतं. फी कितीही कमी असली तरी दार उशिरा उघडत असेल तर कारखान्यातल्या आईला त्याचा उपयोग शून्य. त्यानंतरचा त्यांचा हजेरीपट स्वच्छ आहे. त्या दिवसपाळीत आल्या, पाळी सुटल्यावर गुणवत्ता तपासणीचं प्रशिक्षण घेतलं, कायम झाल्या, कर्ज फिटलं. बढती याच वाटेनं आली होती आणि आता तीच अडत होती.

फीमधला फरक कंपनीनं भरावा, हे सांगायला त्या दुपारी मी व्यवस्थापकांकडे गेले तेव्हा फक्त या एका बाईची कैफियत घेऊन गेले नाही, बाहेरचे दाखलेही नेले. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतानं १९९७ मध्ये पालकांचं उत्पन्न न पाहता पाळणाघराची दिवसाला ५ डॉलर अशी फी ठरवून दिली. सरकारी मदतीवर जगणारी एकल पालकांची कुटुंबं तिथे १९९६ मध्ये सुमारे ९९,००० होती, ती २००८ पर्यंत ४५,००० वर आली. सगळं श्रेय पाळणाघरांचं नाही, पण त्यांच्याशिवाय हे घडलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. केनियातल्या नैरोबीच्या कोरोगोचो या गरीब वस्तीत संशोधकांनी आयांचा पाळणाघराचा खर्च उचलून पाहिला. तिथल्या एकट्या आया नियमित वेळेच्या कामांकडे वळू शकल्या आणि त्यांची कमाई घटली नाही. आमच्या पॅकिंग विभागात मी हेच पाहिलं होतं.

"एकीला दिलं तर सगळे मागतील," व्यवस्थापक म्हणाले. मी म्हटलं, मागू देत. तयार सुपरवायझर गमावून बाहेरून नवा माणूस आणायचा, त्याला शिकवायचं, याचा खर्च फीमधल्या फरकाहून जास्त होता. तो आकडा मी लिहूनच नेला होता. फार वाद झाला नाही. मूल शाळेत जाईपर्यंत फीमधला फरक कंपनीनं भरायचा, असं ठरलं.

बाईंनी पत्रावर सही केली आणि लगेच विचारलं, "पाळी बदलताना सुपरवायझरला थांबावं लागतं ना? पाळणाघर बंद व्हायच्या आत मी पोचेन का?" आम्ही वेळापत्रक काढून बसलो. पाळीचा ताबा देण्याची वेळ थोडी अलीकडे घेतली.

पण कंपनीनं फरक भरणं ही एका घरापुरती सोय झाली. उत्पन्नमर्यादा ओलांडताच सवलत तोडणारा नियम तसाच आहे. पगार वाढेल तशी फी टप्प्याटप्प्यानं वाढवा, असा अर्ज मी त्या संस्थेला केला आहे. त्यांचे हात अनुदानाच्या अटींनी बांधलेले आहेत, म्हणून अर्जाची प्रत अनुदान देणाऱ्या खात्यालाही पाठवली आहे. दरम्यान आमच्याकडच्या एकल पालकांची यादी करायला घेतली. त्यात बॉयलरवरचा एक बापही आहे. त्याची मुलगी लहान आहे आणि त्याला तिसरी पाळी लागते. रात्री उघडं असणारं पाळणाघर मला अजून सापडलेलं नाही, त्यामुळे तूर्तास त्याची पाळी बदलून मिळावी म्हणून विभागप्रमुखांशी बोलणं चालू आहे.