ले-ऑफच्या पत्रातली तारीख आणि कारण: पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विम्याचं काय होतं

ले-ऑफची कुणकुण लागली की बहुतेकांचं लक्ष ‘किती महिन्यांचा पगार देणार’ या एकाच आकड्यावर जातं. तो महत्त्वाचा आहेच. पण हातात शेवटी काय पडतं ते दोन साध्या नोंदींवर फार अवलंबून असतं: कागदावरचा शेवटचा दिवस कोणता, आणि नोकरी सुटण्याचं कारण काय लिहिलंय. म्हणून एचआरच्या बैठकीत सगळ्यात आधी विचारा, ‘मी कोणत्या तारखेपर्यंत रोलवर, म्हणजे कंपनीच्या नोंदीत कर्मचारी, आहे?’

नोटीस पिरियड दोन प्रकारे मिळतो. एकात तुम्ही दोन महिने कागदोपत्री कर्मचारी राहता, काम असो वा नसो. दुसऱ्यात दोन महिन्यांचा पगार एकरकमी देऊन आजच मोकळं करतात. रक्कम सारखी दिसते, पण पहिल्या प्रकारात आरोग्य विमा चालू राहतो, पीएफ भरला जातो, सेवेचा काळ वाढतो आणि मधल्या काळात व्हेस्ट होणारे (म्हणजे ज्यांवर तुमचा हक्क पक्का होतो असे) कंपनीचे शेअर्स पदरात पडतात. दुसऱ्यात हे सगळं त्याच दिवशी थांबतं. निवड करायला वाव असेल तर रोलवर राहणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं.

आता कारण. ‘तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो लगेच मानू नका. कायद्यातल्या ‘कामगार’ व्याख्येत बसणाऱ्याला छाटणी झाल्यास महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. स्वतःहून राजीनामा दिला की हा दावा कमकुवत होतो. व्यवस्थापकीय काम करणारे या व्याख्येबाहेर असतात आणि त्यांची भरपाई नेमणूकपत्र व वाटाघाटीवर ठरते; मात्र ठरवताना पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. कर्जासोबत घेतलेला नोकरी-गमावण्याचा विमाही राजीनाम्यावर पैसे देत नाही. राजीनामा देणं भागच असेल, तर तो कंपनीच्या सांगण्यावरून दिला जातोय हे, सगळ्या रकमा आणि त्या देण्याची तारीख सेपरेशन लेटरमध्ये (नोकरी संपल्याच्या पत्रात) आधी लेखी घ्या. बैठकीतच सही करू नका. ‘वाचून कळवतो’ एवढं ईमेलवर लिहिलं तरी पुरतं.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. मूळ वेतन ६०,००० आणि सेवा ७ वर्षं ८ महिने असेल तर ८ वर्षांचे सुमारे २,७६,९२३ रुपये होतात. तीच सेवा ७ वर्षं ५ महिने असती तर सुमारे २,४२,३०८. शेवटची तारीख थोडी सरकवून घेण्याला किती किंमत आहे ते इथे दिसतं. कायद्याने द्यायची कमाल रक्कम २० लाख आहे.

कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची अट आहे. मुदतीच्या करारावरच्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्ष पुरतं. सीटीसीत (कंपनी तुमच्यावर करत असलेल्या एकूण वार्षिक खर्चात) दर वर्षी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी दाखवलेली असते, पण पाच वर्षांच्या आत सोडलं तर त्यातलं काहीच मिळत नाही. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली आहे, तरी सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत. त्या उंबरठ्यावर असाल तर वाद घालण्यापेक्षा तारीख पुढे ढकलून मागा. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवलेल्यांनी हिशेब कोणत्या आकड्यावर केलाय ते जरूर तपासावं.

आरोग्य विम्याचा फटका सगळ्यात अनपेक्षित असतो. ग्रुप पॉलिसी बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपते, आणि तुमच्याबरोबर घरच्या सगळ्यांचं संरक्षण जातं. आई-वडिलांचं वय जास्त आणि मधुमेह-रक्तदाब असेल तर बाहेर नवी पॉलिसी मिळवणं अवघड. त्यामुळे शेवटच्या दिवसाच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशनची (ग्रुप पॉलिसीतून तिकडे जाण्याची) लेखी मागणी करा. आजारांवर संरक्षण सुरू होण्याआधी थांबावं लागतं त्या प्रतीक्षा काळातला आधी सरलेला भाग त्यात धरला जातो, पण जुन्या विमा रकमेपुरतंच. कंपनी तपासणी करून प्रीमियम वाढवू शकते. कोरी पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरी चालू असतानाच स्वतःची पॉलिसी घेऊन ठेवली की हा काळ पगार येत असतानाच सरायला लागतो. आधी झालेल्या उपचारांची बिलं पॉलिसीतल्या मुदतीत लगेच पाठवा.

आयुर्विम्याचंही तसंच. कंपनीचा ग्रुप टर्म आयुर्विमा आणि पीएफसोबत आपोआप मिळणारा ईडीएलआय हा आयुर्विमा, जो ७ लाखांपर्यंत असतो, दोन्ही नोकरीबरोबर संपतात. स्वतःचा टर्म प्लॅन घ्यायला उत्पन्नाचा पुरावा लागतो, तेव्हा तो पे-स्लिप येत असतानाच घ्या.

पीएफची घाई करू नका. खात्यावर ५८ वयापर्यंत व्याज चालू राहतं. फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम सहसा करपात्र ठरते, पण मालकाचा व्यवसाय आकसल्यामुळे किंवा तुमच्या हातात नसलेल्या कारणाने नोकरी गेली असेल तर सूट आहे. कारणाची नोंद इथेही कामी येते. नवी नोकरी मिळाली की खातं ट्रान्सफर केल्यास जुनी सेवा मोजली जाते. पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात. ती भरली नसतील तर ईपीएसचे (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे) पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे जुन्या सेवेचा दाखला, घेतल्यास जुनी वर्षं पुढे जोडता येतात. ईपीएफओच्या पोर्टलवर ‘डेट ऑफ एक्झिट’ भरलीय का ते पाहा. कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः नोंदवता येते.

ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घेण्याचा हक्क) असतील तर ते देतानाचं ग्रँट लेटर काढून एक्सरसाइजची, म्हणजे प्रत्यक्ष शेअर विकत घेण्याची, मुदत शोधा. व्हेस्ट न झालेले सहसा बुडतात. व्हेस्ट झालेल्यांना ९० दिवसांसारखी मर्यादा असते. शेअर घेताना बाजारमूल्य आणि एक्सरसाइज किंमत यांतला फरक पगारासारखा करपात्र होतो. कंपनी लिस्टेड नसेल तर शेअर विकता येत नाही, पण कर आणि किंमत दोन्ही रोख भरावी लागते. ती रोकड घरखर्चातून जाणार असेल तर शेअर सोडून देणंच शहाणपणाचं.

लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस कधी बंद होईल सांगता येत नाही. पे-स्लिप, फॉर्म १६, नेमणूक आणि पगारवाढीची पत्रं, विम्याचं ई-कार्ड आताच स्वतःकडे ठेवा. कंपनीच्या फायलींना मात्र हात लावू नका. पीएफ, ईसॉप पोर्टल, विमा, डीमॅट यांतला ऑफिसचा ईमेल आणि नंबर बदला, नाहीतर ओटीपी बंद झालेल्या मेलबॉक्समध्ये जातो आणि महिनोन्‌महिने खाती अडकतात.

फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सुटतानाच्या अखेरच्या हिशेबात) थकलेलं वेतन नव्या वेतन संहितेनुसार दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीला ३० दिवस आहेत. जॉइनिंग बोनसची वसुली, सॅलरी अ‍ॅडव्हान्स, उरलेल्या रजांचा हिशेब ओळ न ओळ तपासा. ले-ऑफमध्ये जॉइनिंग बोनस परत घेण्याची अट लागू होते का, ते मूळ पत्रात वाचा. अनेकदा ती फक्त स्वतःहून सोडणाऱ्यांसाठी असते. रजेच्या पैशांवर आयुष्यभरात मिळून कमाल २५ लाखांपर्यंत करमाफी आहे. सेव्हरन्स (ले-ऑफमुळे कंपनी देते ती जास्तीची रक्कम) मात्र बहुतेकांना पगारासारखीच करपात्र ठरते. त्याच आर्थिक वर्षात नवी नोकरी लागली तर जुन्या कंपनीचं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा, नाहीतर दोघेही करमुक्त मर्यादा आपापल्या परीने धरतात आणि रिटर्न भरताना मोठी रक्कम एकदम भरावी लागते.