तुम्ही विचारलंत म्हणून: सुनेच्या पूर्वजाची फाईल मी का उघडली

साताऱ्याला गेलो की फिरायला येणारी मित्रमंडळी विचारतात, पिट्सबर्गला लेकाकडे आलो की मराठी मंडळातले विचारतात, आणि आमची ही तर विचारतेच: "अहो, आपली वंशावळ करायची सोडून व्याह्यांच्या घरातली मढी कशाला उकरायला गेलात?" प्रत्येकाला निराळं उत्तर देऊन कंटाळलो. आता एकदाच लिहितो.

पहिली गोष्ट, मी आपणहून गेलो नव्हतो. विहीणबाईंनी सांगितलं. त्यांना 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन'चं सभासद व्हायचं होतं. 1890 सालची ही संस्था "आमचे पूर्वज लढले होते" एवढ्यावर कुणाला आत घेत नाही. एकेक पिढी कागदानिशी जोडत मागे जायचं आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या माणसाची कामगिरी पुराव्याने दाखवायची. भूमी अभिलेख खात्यात केस पांढरे केलेला व्याही घरात रिकामा बसलेला, मग काम माझ्याकडेच येणार. आणि खरं सांगतो, मला मजा येत होती. पेन्सिल्व्हेनियाच्या जुन्या मोजणीत हद्दीची खूण म्हणून पांढऱ्या ओकचं झाड लिहिलेलं असतं. झाड पडलं की भांडण. ओहायो नदी ओलांडली की 1785 च्या कायद्याने केलेली चौकोनी आखणी लागते, सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, आत 640 एकरांचे छत्तीस तुकडे. मोजणीवाल्या माणसाला आणखी काय हवं?

घरात त्या पूर्वजाला सगळे 'कॅप्टन' म्हणतात. कॅप्टन कसला, साधा शिपाईगडी. पेन्सिल्व्हेनियाच्या 1777 च्या कायद्याने 18 ते 53 वयाच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाचं नाव मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या राखीव फौजेत, लागायचं. तिथल्या प्रत्येक तुकडीचे आठ वर्ग पाडायचे, पाळी आली की त्या वर्गाने दोन महिने जायचं, नाही गेलं तर दंड. हा गडी राहायचा नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन काउंटीत. काउंटी 1781 साली झाली आणि त्याच वर्षीच्या करयादीत त्याच्या नावाचे दोघे निघाले. एकाकडे जमीन, दुसऱ्याकडे नुसती घोडी आणि दोन गाई. कुठला आपला, ते ठरवण्यात बराच काळ गेला, पण ती कटकट तुम्हाला सांगत नाही. शेजाऱ्यांच्या नावांवरून जमलं. आपला तो घोडीवाला. पुढे स्ट्यूबेनव्हिलच्या लँड ऑफिसातून हप्त्याने जमीन घेऊन तो ओहायोत गेला आणि तिथेच मेला.

आता तो कागद. 7 जून 1832 च्या कायद्याने उरलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन मिळाली. मिलिशियावालेही त्यात आले. अट एवढीच, की निदान सहा महिने चाकरी झालेली हवी. पावत्या कुणाकडे असणार? मग म्हाताऱ्याने भर कोर्टात उभं राहून आठवेल तसं सांगायचं, कारकुनाने लिहून घ्यायचं, पाद्र्याने आणि शेजाऱ्याने माणूस खरा म्हणून सही करायची. हे जबाब आज घरबसल्या वाचता येतात. आमच्या म्हाताऱ्याने सहीच्या जागी फुली मारली आहे. शाई फुटलेली, एक रेघ दुसरीपेक्षा लांब. फुलीच्या वर सगळ्या फेऱ्या ओळीने सांगितल्यात: कुठल्या किल्ल्यात पहारा, कुणाच्या हाताखाली. मे 1782 मध्ये कर्नल क्रॉफर्ड ओहायोतल्या सँडस्कीकडे फौज घेऊन गेला, त्या मोहिमेवर अर्धं पान आहे. तिथे त्याचं घोडं गेलं. घोड्याचा रंग, किंमत, भरपाई कशी मिळाली नाही, सगळं. पन्नास वर्षांनंतरही घोडं विसरला नव्हता. त्याच्या वर एक ओळ. त्याच वसंतात कर्नल विल्यमसनबरोबर मस्किंगम नदीवरच्या मोरेव्हियन गावांवर गेलो आणि परत आलो. बस.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. मोरेव्हियन हा एक ख्रिस्ती पंथ, त्याच्या पाद्र्यांची ती गावं. त्यांतलं एक ग्नाडेनहटन. ख्रिस्ती झालेले, लढाईसाठी शस्त्र न धरणारे लेनापी जमातीचे मूळ रहिवासी तिथे राहायचे. इंग्रजांच्या बाजूच्या टोळ्यांनी त्यांना 1781 च्या शरद ऋतूत उठवून सँडस्कीकडे नेलं होतं. तिथे उपासमार झाली, म्हणून शेतात उभा राहिलेला मका काढायला ते परत आले होते. मिलिशियाने त्यांना फोर्ट पिटला सुखरूप नेतो असं सांगितलं, हत्यारं काढून घेतली आणि बांधलं. मग मत घेतलं. जिवंत न्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे यावं. अठराजण पुढे आले म्हणतात. बाकीचे जागचे हलले नाहीत. बांधलेल्यांनी रात्रभर प्रार्थना म्हटल्या, आणि 8 मार्च 1782 ला सकाळी त्यांना दोन घरांत नेऊन पिंप ठोकायच्या लाकडी हातोड्याने मारलं. 96 माणसं. त्यांत 39 मुलं. दोन पोरगे निसटले, म्हणून हे जगाला कळलं. शिक्षा कुणालाही झाली नाही.

हे मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. थँक्सगिव्हिंगला, सगळे जमलेले असताना. तेव्हाच का, असं लेक अजून विचारतो. का म्हणजे? विहीणबाईंनीच विचारलं होतं, कॅप्टनचं काय सापडलं म्हणून. प्रिंट माझ्या खिशात होती, ती पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून घोड्याचा भाग मोठ्याने वाचला. सगळे हसले. मग त्यांनी वरची ओळ वाचली, आणि आवाज तसाच ठेवून विचारलं, मोरेव्हियन गावं म्हणजे कुठली? व्याह्यांना माहीत होतं. त्यांनी शाळेत वाचलेलं. ते ताटाकडे बघत राहिले. मी सांगायला लागलो. थोडक्यात सांगितलं असं मला वाटतं, ही म्हणते तुम्ही सरकारी टिपण वाचल्यासारखं सगळं सांगितलंत, हातोड्यासकट. सूनबाई उठून पोराला आत घेऊन गेली. विहीणबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तो त्या अठरांतला असणार." मी म्हटलं, कागदात तसं नाही. त्या म्हणाल्या, नाही असंही नाही. बरोबरच होतं त्यांचं. दोन्ही नाही. पण अठरांतला असता तर पन्नास वर्षांनी कोर्टात सांगितलं नसतं का? घोड्याला अर्धं पान देणारा माणूस! हे मी मोठ्याने म्हटलं. त्यानंतर लेक मराठीत म्हणाला, "बाबा, पुरे." त्यांच्यापुढे तो माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही.

घरी येऊन मी त्याला तावातावाने मेल लिहिली. नक्कल म्हणजे अख्खी नक्कल, एक ओळ गाळली तर ती खरी नक्कल नव्हे, चाळीस वर्षं हेच केलं, वगैरे. आज ती वाचली की मलाच त्या माणसाशी वाद घालावासा वाटतो. अरे बाबा, तू नोकरीत होतास तेव्हा पक्षकार समोर जेवायला बसलेले नव्हते. पण मग काय, ओळ खोडायची? तेही जमत नाही. त्याच फेब्रुवारीत त्या सरहद्दीवर हल्ले झाले होते, बायकापोरं पळवली होती, वॉलेस नावाच्या माणसाची बायको वाटेत मारलेली सापडली, हेही मी टिपणात घातलं आहे. ते घातल्यावर व्याही म्हणाले आता बरं झालं. मला ते 'बरं'ही टोचलं. मका काढायला आलेल्यांनी वॉलेसच्या बायकोला मारलं नव्हतं.

आणि आपल्या वंशावळीचं म्हणाल, तर आमच्याकडे एकच वाक्य चालत आलंय: मूळपुरुष नागपूरकर भोसल्यांकडे शिलेदार होते, बंगालच्या स्वारीत गेले होते. बारशापासून तेराव्यापर्यंत हे अभिमानाने सांगतात. तिथे जाऊन काय केलं, ते एकानेही विचारलेलं नाही. मीही नाही. त्याचे कागद माझ्या हाताशी नाहीत, आणि असते तर मी ते इतक्या झटक्यात खिशातून काढले असते का, हे मला विचारू नका.

विहीणबाईंचा अर्ज पहाऱ्याच्या फेऱ्यांवर मंजूर झाला. त्याला तेवढं पुरतं, आणि त्यात खोटं काही नाही. नातवाच्या फाईलीत मात्र अख्खा जबाब आहे. लेकाचं म्हणणं, पोरगा सोळा वर्षांचा होईपर्यंत ती कपाटात राहू दे. मी हो म्हटलंय, पण ते मला पटलेलं नाही. परवा विहीणबाईंचा फोन आला होता. त्या अठरांची नावं कुठे मिळतील का, म्हणून विचारत होत्या. बघतो म्हटलं. बघतोय.