कॅथरिना उपाशी आहे, आधी त्याचं बोला

रविवारी रात्री नऊला आमचा तिघींचा व्हिडिओ कॉल असतो. लंडनवालीकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात, नाटकवाली तालमीतून नुकतीच घरी येऊन मांडीवर ताट घेऊन बसलेली असते आणि मी पुण्यात माझ्या खिडकीपाशी. चारशे वर्षांपूर्वीची इंग्लिश नाटकं आम्ही पात्रं वाटून घेऊन मोठ्याने वाचतो आणि मध्येच थांबून भांडतो. शेक्सपिअर आहे म्हणून सोवळ्यात वाचायचं नाही हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम, पटलं नाही तर "हा काय फालतूपणा आहे" असं सरळ म्हणायचं, आणि मग तो फालतूपणा नेमका कुठे आहे ते ओळीवर बोट ठेवून दाखवायचं.

या महिन्यात 'द टेमिंग ऑफ द श्रू' घेतलं होतं. साधारण १५९० च्या आसपासचं नाटक. श्रू म्हणजे खरं तर चिचुंद्री, आणि तिकडे कजाग बाईला हाच शब्द वापरायचे. मराठीत वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी याच नाटकाचं 'त्राटिका' केलं, म्हणजे इकडे चिचुंद्रीची थेट राक्षसीण झाली, रामाने मारली ती. दोन्हीकडे प्रकार तोच, बाई स्टेजवर यायच्या आधीच पोस्टरवर तिला शिवी देऊन ठेवायची. आणि दोन्हीकडे ती शिवी झेलायला स्टेजवर बाई नव्हतीच, तिकडे मुलगे बायकांची कामं करायचे आणि 'त्राटिका' करणाऱ्या आपल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीतही पुरुषच लुगडं नेसून उभे राहायचे.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. इटलीतल्या पादुआतला श्रीमंत बाप, दोन मुली, मोठी कॅथरिना तोंडाळ, तिचं लग्न झाल्याशिवाय धाकट्या बियांकाचं करायचं नाही. मग पेट्रुचिओ येतो, उघड सांगतो की मला पैसेवाली बायको हवीय, आणि हिला लग्न करून घेऊन जातो. पहिल्याच भेटीत ती म्हणते माझं नाव कॅथरिन आहे, तर हा तिला केट केट म्हणत सुटतो, एका दमात कितीतरी वेळा. लंडनवाली म्हणाली, "आणि आपण पण मघापासून केटच म्हणतोय की गं." आम्ही दोघी गप्प झालो. माझ्या आईचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललं होतं, माहेरचं नाव आजही कोणी मोठ्याने घेतलं की ती पटकन वळून बघते. त्या रात्रीपासून आम्ही कॅथरिनाच म्हणायला लागलो.

तर चौथा अंक. मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो हा अंक, कारण सगळं जग पाचव्या अंकाबद्दल बोलतं. शेवटी ती ४४ ओळींचं भाषण करते, नवरा म्हणजे तुमचा स्वामी, तुमचा राजा, बायांनो नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवा, आणि जो तो विचारतो की आता हे आजच्या काळात कसं करायचं. पण त्या भाषणाच्या आधी काय होतं ते बघा ना. घरी नेताना वाटेत घोडा पडतो, ती चिखलात घोड्याखाली सापडते, हा तिला तशीच टाकून नोकराला मारत बसतो. घरी पोचल्यावर ताट समोर येतं, तर मांस करपलंय म्हणून हा सगळं फेकून देतो. झोपायला गेली तर उशा इकडे, पांघरुणं तिकडे, रात्रभर आरडाओरडा, झोपू द्यायचं नाही. मग नोकर ग्रूमिओ तिच्याशी खेळतो, पाया खाणार का, छान असतो, नको पण, तापट माणसाला बाधेल, मग बीफ आणि मोहरी देऊ का, पण मोहरी तुम्हाला चालणार नाही, बरं मग बीफशिवाय नुसती मोहरी आणू का. आणि ही भुकेली बाई प्रत्येक वेळी हो म्हणते, शेवटच्या नुसत्या मोहरीवर मात्र चिडून त्याला मारते. या प्रवेशाला चारशे वर्षं लोक हसत आलेत.

कॅथरिना त्या दिवशी नाटकवालीच्या वाट्याला आली होती. ताट मांडीवर, घास हातात, आणि ती वाचत होती, याने काय मला उपाशी मारायला लग्न केलं का, माझ्या बापाच्या दारात भिकारी आले तरी त्यांना मागितल्यावर काहीतरी मिळायचं, मला मागायची सवयच नाही आणि आता पोटात अन्न नाही, झोपेने डोकं फिरायला लागलंय, आणि या सगळ्याहून जास्त जे लागतं ते हे की हा हे सगळं प्रेमाच्या नावाखाली करतो. इथे ती थांबली. घास ताटात परत ठेवला. "अगं मी हे कॉलेजात शिकलेय," ती म्हणाली, "आणि मला ही ओळ आठवतच नाहीये." मलाही आठवत नव्हती. आम्हाला शिकवणारे सर या अंकाला कॉमेडी आहे, लाइटली घ्या म्हणाले होते, आणि वर्गातल्या साठ पोरापोरींनी लाइटली घेतलं होतं.

भुकेचं आणि झोपेचं गणित पेट्रुचिओ स्वतःच सांगतो, काही लपवत नाही. ससाणा पाळणारे लोक तेव्हा असेच करायचे, रानातून पकडलेल्या पक्ष्याला जागं ठेवायचं, उपाशी ठेवायचं, मग तो हाताला येतो. माझा ससाणा आता चांगला भुकेला आहे, म्हणतो, आणि जोवर तो झुकत नाही तोवर त्याचं पोट भरायचं नाही. हे स्वगत आहे, स्टेजवर तो एकटा, समोर नुसते प्रेक्षक. आणि शेवटी तो प्रेक्षकांनाच विचारतो की कजाग बायकोला वठणीवर आणायचा याहून चांगला मार्ग कोणाला माहीत असेल तर त्याने आत्ता बोलावं.

नाटकवालीचं म्हणणं की अख्ख्या नाटकाची किल्ली इथे आहे. दिग्दर्शक लोक पाचव्या अंकाला उपाय शोधत बसतात. कोणी भाषणाच्या वेळी डोळा मारायला लावतं, १९२९ च्या सिनेमात मेरी पिकफर्डने मारलाय तसा. कोणी म्हणतं दोघांचं आता खरं प्रेम जमलंय, हा दोघांचा खेळ आहे. मला या दोन्हीचा राग येतो. डोळा मारला की आदल्या अंकातली उपासमार पुसली जाते, कारण बघा, ती तर ठीक आहे की, हसतेय. आणि प्रेमवाला मार्ग तर त्याहून वाईट, तिने स्वतः सांगून ठेवलंय की प्रेमाच्या नावाखाली चाललंय म्हणूनच जास्त लागतं, आणि तुम्ही पुन्हा प्रेमाचंच नाव देताय.

ज्यांनी उपाय न शोधता नाटक जसं आहे तसं लोकांसमोर ठेवलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. १९७८ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत मायकेल बोग्दानोव्हने केलं, त्यात सुरुवातीला प्रेक्षागृहात एक दारुडा तिथल्या कामवाल्या बाईशी हुज्जत घालतो, स्टेजवर चढतो, सुंदर जुन्या पद्धतीचं नेपथ्य धडाधड पाडतो. काही प्रेक्षकांना ते खरंच वाटलं होतं. तो दारुडा म्हणजे जोनाथन प्राइस, आणि पुढे पेट्रुचिओ पण तोच. म्हणजे हे सगळं एका दारुड्याचं स्वप्न, बाईने ऐकून घेतलं नाही म्हणून त्याने रचलेलं. आणि हे काही बाहेरून चिकटवलेलं नाही, शेक्सपिअरच्या संहितेत सुरुवातीला दारुडा आहेच, स्लाय नावाचा, त्याच्यापुढे हे नाटक चालतं, आणि त्याच्या शेजारी बायको म्हणून बसवलेला एक पोरगा आहे साडी-चोळीच्या तिकडच्या अवतारात. बहुतेक दिग्दर्शक हा भाग कापतात. मला वाटतं तो कापला की नाटकाचा कणाच जातो.

२००३ मध्ये लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये फिलिडा लॉइडने सगळ्या बायका घेऊन केलं, जॅनेट मॅकटीअर पेट्रुचिओ, कॅथरिन हंटर कॅथरिना. उंच धिप्पाड मॅकटीअर आणि लहानखुरी हंटर. आणि २०१९ मध्ये जस्टिन ऑडिबर्टने रॉयल शेक्सपिअर कंपनीत सगळं उलटं केलं, सत्ता बायकांची, क्लेअर प्राइस पेट्रुचिया आणि तिच्या ताब्यात जोसेफ आर्कली. लंडनवालीने शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला जाऊन तो प्रयोग बघितला होता. ती सांगत होती, "पुरुष उपाशी बसलाय आणि बाई ताट लांब करतेय हे बघताना माझ्या पोटात ढवळलं, आणि मग मला स्वतःचाच राग आला की बाई उपाशी असताना हे कधी झालं नव्हतं." यावर आमचं अर्धा तास वाजलं. मी म्हटलं मग प्रयोग यशस्वी झाला ना. नाटकवाली म्हणाली नाही, कारण पुरुषाच्या पाठीमागे तो इतिहास नाही, त्याला बाहेर पडल्यावर घर आहे, कायदा आहे, तो दोन तासांपुरता उपाशी आहे. दोघींचंही मला पटतं आणि दोन्ही एकत्र बसत नाही.

आता "त्या काळात तसंच होतं" याबद्दल. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, नाटक बघून आल्यावर, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलवर. त्या काळात बायकांची जीभ दाबायला लोखंडी लगाम होते हे खरंय, डोक्याला पिंजरा आणि तोंडात जिभेवर पट्टी, आणि बाईला रस्त्याने फिरवायचे. आपल्याकडे "हिला वेसण घाला" म्हणतात, तिकडे खरोखर घालायचे. पण त्याच काळात, त्याच लंडनमध्ये, शेक्सपिअरच्याच नाटकमंडळीसाठी लिहिणाऱ्या एका माणसाने पेट्रुचिओला उत्तर लिहून ठेवलंय, आणि ते आम्हाला कोणी शिकवलं नाही.

जॉन फ्लेचर. शेक्सपिअरबरोबर पुढे 'हेन्री द एट्थ' लिहिणारा, आणि त्याच्यानंतर त्या मंडळीचा मुख्य नाटककार झालेला. १६११ च्या सुमारास त्याने 'द टेमर टेम्ड' लिहिलं. कॅथरिना वारलीय. पेट्रुचिओ आता लंडनमध्ये आहे आणि दुसरं लग्न करतोय. आणि लोक काय बोलतायत, की पहिल्या बायकोच्या नुसत्या आठवणीने हा अजून झोपेत दचकून उठतो, काठी आणा म्हणून ओरडतो आणि आपली तुमान लपवून ठेवतो, तिचं भूत येऊन ती घालेल या भीतीने! म्हणजे कॅथरिना वठणीवर आलीच नव्हती. हे वाचलं तेव्हा नाटकवाली खुर्चीतून उठून नाचली.

दुसरी बायको मारिया. लग्नाच्या रात्री ती वरच्या मजल्यावर जाऊन दार लावून घेते. बियांका तिची सेनापती, पुरुष तिला कर्नल म्हणतात. खाण्यापिण्याचा साठा वर नेलेला, शहरातल्या बायका येतात, गावाकडच्या येतात, वर नाचगाणं आणि दारू, आणि खाली नवरदेव बायकोच्या दाराशी वाटाघाटी करत उभा. स्वयंपाकघर कोणाच्या ताब्यात आहे हे फ्लेचरने बरोबर हेरलंय. आणि ससाण्याचं पण उत्तर आहे, मारिया म्हणते जाऊ देत त्या पाळीव पाखरांना ज्या नवऱ्याची हाळी आली की धावत येतात, मी रानातली ससाणी आहे, जिला पंख आहेत आणि पंख आहेत हे माहीत आहे. मी ही ओळ वाचताना दोनदा अडखळले, घसा भरून आला होता.

बरं हे नाटक लोकांना तेव्हा झेपलं नाही असंही नाही. १६३३ च्या नोव्हेंबरमध्ये राजा चार्ल्स आणि राणीसमोर दोन्ही नाटकं दोन दिवसांच्या अंतराने झाली, आणि दरबारी अधिकारी हेन्री हर्बर्टने नोंद ठेवलीय, शेक्सपिअरचं आवडलं, फ्लेचरचं खूप आवडलं. त्याच हर्बर्टने महिनाभर आधी अश्लील मजकूर आहे म्हणून फ्लेचरचा प्रयोग थांबवला होता. पुढे ते मागे पडत गेलं. २००३ मध्ये ग्रेगरी डोरनने रॉयल शेक्सपिअर कंपनीत दोन्ही जोडीने केली, त्याच नटसंचात, अलेक्झांड्रा गिलब्रेथ आधी कॅथरिना आणि मग मारिया.

फ्लेचर काही देव नाही. शेवटी पेट्रुचिओ मेल्याचं सोंग घेऊन शवपेटीत पडतो, मारिया रडते, पण तो मेला म्हणून नाही, इतकं मूर्ख आयुष्य जगला म्हणून, आणि तो पेटीतून उठून बसतो. इथपर्यंत ठीक. मग ती म्हणते मी तुला माणसाळवलं, आता मी तुझी सेवा करीन. लंडनवाली भयंकर चिडली, "एवढं सगळं करून परत सेवाच?" मी म्हटलं तिने आधी अटी मान्य करून घेतल्यात, आणि अखेरचं निवेदन सरळ सांगतं की दोघांनाही बरोबरी शिकवायला हे नाटक आहे. ती म्हणाली निवेदन लिहिणं सोपं असतं. हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटवायची मला घाई पण नाही.

नाटकवालीच्या डोक्यात आता दोन अंकी प्रयोग आहे, मराठीत, पाच बायका आणि एक लांब टेबल. पहिल्या अंकात टेबलावर खरं गरम जेवण ठेवायचं, भात, आमटी, सगळं, प्रेक्षकांना वास येईल असं, आणि कॅथरिनाला हात लावू द्यायचा नाही. स्वगत संपताना पेट्रुचिओने तो प्रश्न विचारायचा, सांगा कोणाला याहून चांगलं जमतं, आणि मग दिवे न घालवता तसंच थांबायचं, प्रेक्षकांत कोणी काही बोलेपर्यंत. मी विचारलं, कोणी बोललंच नाही तर?

"तर मारिया मागच्या रांगेतून उठेल," ती म्हणाली, "टेबलापाशी येईल, ताट उचलेल आणि वर घेऊन जाईल."

पुढच्या रविवारी पहिला खर्डा वाचायचाय. आमटी मी करणार आहे.