गोवर, फ्लू आणि पाच मार्कांचं भांडण

लातुरात टेस्टनंतरच्या डाउट सेशनला पोरं गप्प असली की समजायचं, पेपर सोपा गेला. त्या दिवशी आवाज जिन्यापर्यंत येत होता. बायोच्या एका विधान-कारण प्रश्नावरून वर्गात जुंपली होती आणि दोन्ही पार्ट्या माझीच वाट बघत होत्या.

प्रश्न मीच काढलेला. विधान: गोवर एकदा होऊन गेला की सहसा आयुष्यभर पुन्हा होत नाही, फ्लू मात्र पुन्हा पुन्हा होऊ शकतो. कारण: फ्लूचा विषाणू आरएनए विषाणू आहे (म्हणजे त्याची जनुकं डीएनएऐवजी आरएनएची) आणि आरएनए विषाणूंमध्ये उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, वेगाने होतात. आन्सर कीत उत्तर होतं (ब), म्हणजे दोन्ही वाक्यं बरोबर, पण कारण हे विधानाचं स्पष्टीकरण नाही. आणि जवळजवळ अख्ख्या वर्गानं (अ)चा, म्हणजे 'दोन्ही बरोबर आणि कारण हेच स्पष्टीकरण'चा, गोळा काळा केला होता. नीटच्या हिशोबानं बरोबर उत्तराला चार, चुकलं की वजा एक. एका गोळ्यात पाच मार्कांचा फरक. नांदेड-परभणी-बीडहून येऊन मेसच्या डब्यावर राहणाऱ्या पोरांना पाच मार्क म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

पहिला बार नीटला पुन्हा बसणाऱ्या एका रिपीटरनं उडवला. "सर, की चुकलीय. फ्लू बदलतो म्हणून पुन्हा होतो, हे तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलंय. मग?"

"मग झालं की कारण! बोनस द्या सगळ्यांना."

त्याच्या हातातल्या एनसीईआरटीत पेन्सिलीच्या रेघा इतक्या, की रेघ नसलेली ओळ शोधावी लागेल. ही पोरं ओळी पाठ करतात आणि ओळखीची ओळ दिसली की हात आपोआप गोळ्याकडे जातो. मी काही बोलायच्या आधीच खिडकीजवळची एक मुलगी उठली. वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल.

"सर, कारण नुसतं फ्लूचं बोलतंय. विधानात अर्धा भाग गोवराचा आहे. त्याचं काय?"

"गोवर डीएनए असणार ना," रिपीटर म्हणाला.

"असणार, का आहे?"

वर्ग हसला. पण पोराचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. गोवर खरोखर डीएनए विषाणू असता, तर (अ)ची बाजू लंगडी का होईना, उभी राहिली असती. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आरएनएच आहे तो! गालगुंडाच्या खानदानातला."

खरंच तो त्याच खानदानातला. मग मी फळ्यावर दोघांना शेजारी-शेजारी मांडलं. गोवराचा जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा मजकूर, सुमारे १६ हजार अक्षरांचा, अखंड. फ्लूचा सुमारे साडेतेरा हजारांचा, आठ तुकड्यांत. नक्कल करताना झालेली चूक तपासून दुरुस्त करायची सोय दोघांकडेही नाही. म्हणजे जे कारण फ्लूला लावलं, ते गोवरालाही जसंच्या तसं लागू पडतं. मग गोवरही वारंवार व्हायला हवा!

"आठ तुकडे!" रिपीटरनं लगेच तो धागा पकडला. "दोन फ्लूचे तुकडे एकाच पेशीत मिसळतात. अँटिजेनिक शिफ्ट!"

शिफ्ट खरी, पण ती काही दरवर्षी होत नाही. १९५७, १९६८, २००९ अशा मोठ्या साथी तिच्यातून आल्या. मधल्या वर्षांत फ्लू बदलतो तो बारीकसारीक उत्परिवर्तनांनीच, ड्रिफ्टनं. ती उत्परिवर्तनं गोवरातही होतातच. आणि कोरोना? त्याच्याकडे तर चुका दुरुस्त करणारं एन्झाइमही आहे, तरी व्हेरियंटची नावं या पोरांना तोंडपाठ. चुका किती होतात, यावर हे ठरत नाही. झालेली चूक विषाणूला पचते का, यावर ठरतं.

फ्लूच्या अंगावरच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाला पेशीला चिकटायची एक छोटीशी खाच असते. आपल्या अँटिबॉडी मुख्यतः त्या खाचेच्या आजूबाजूच्या भागांना धरतात. ते भाग बदलले तरी खाचेचं काम चालू राहतं, त्यामुळे विषाणू निसटतो. गोवराच्या एच प्रथिनात मात्र अँटिबॉडी ज्या जागा धरतात, त्यातल्या महत्त्वाच्या जागा पेशीला चिकटण्याच्या जागांवरच पडतात. तिथं बदल झाला की अँटिबॉडी चुकते खरी, पण विषाणूला पेशीतही शिरता येत नाही.

"म्हणजे सर, फ्लू शर्ट बदलतो," खिडकीजवळची म्हणाली, "आणि गोवराला आधारवरचा अंगठाच बदलावा लागेल." हे मी पुढच्या बॅचला माझं म्हणून सांगणार आहे.

पुरावा हवाच होता. पीटर पानुम नावाचा पंचविशीतला डॅनिश डॉक्टर १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ बघायला गेला. बेटांवरची वस्ती ७,८०० च्या आसपास, त्यातले सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तिथं याआधी गोवर आला होता १७८१ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. तेव्हा गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचं पानुमला दिसलं नाही. मधल्या काळात गोवराचा संपर्क नाही, तरी आठवण पक्की.

"फ्लूची आठवण कच्ची राहत असेल," कुणीतरी पुटपुटलं. याचं उत्तर १९७७ मध्ये मिळालं. १९५७ पासून गायब असलेला एच१एन१ फ्लू जवळजवळ जुन्याच रूपात परत आला, आणि त्यानं गाठलं ते प्रामुख्यानं पंचविशीच्या आतल्यांना. वयानं मोठ्यांच्या शरीरांनी त्याला वीस वर्षांनीही ओळखलं. तोच चेहरा घेऊन आला तर फ्लूही सापडतो. मला हे उदाहरण पानुमपेक्षाही आवडतं, कारण त्यानं 'फ्लूला मेमरी सेल (जुना विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) तयारच होत नाहीत' हे एक लाडकं चुकीचं वाक्य एका फटक्यात मरतं.

आणखी एक गोष्ट पोरांनीच काढली. फ्लू दोनेक दिवसांत अंगावर येतो, गोवराला लागतात दहा-बारा दिवस. मेमरी सेल जाग्या होऊन कामाला लागायला काही दिवस जातात. गोवरात तेवढी उसंत मिळते, फ्लूत नाही. हा मुद्दाही पूर्ण ग्राह्य, आणि तोही आरएनएशी बांधलेला नाही.

रिपीटर अजून शेवटचं हत्यार राखून होता. "सर, गोवर बदलत नाही म्हणता, लस पण जुनीच. मग २०२२ ला मुंबईत, गोवंडीत साथ कशी आली?"

प्रश्न झकास होता, मी तसं म्हटलंही. लसीचा वाण मूळचा १९५४ मध्ये बोस्टनजवळ शिकणाऱ्या एका मुलाच्या रक्तातून मिळवलेल्या विषाणूवरून आलेला. त्याच घराण्यातला एडमन्स्टन-झाग्रेब वाण पुण्यात बनणाऱ्या लसीत आहे आणि तो आजच्या गोवरालाही रोखतो. गोवंडीत विषाणूनं नवीन काही केलं नव्हतं. डोस राहून गेलेली पोरं एका जागी साठली होती, त्यात कोरोनाच्या काळात चुकलेल्या डोसांची भर. गोवर इतका पसरतो की वस्तीतल्या ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच तो थांबतो. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, कारण त्याआधी आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात असतात आणि त्या लशीतल्या विषाणूलाच निकामी करू शकतात.

"म्हणजे बोनस नाही," तो म्हणाला.

"नाही. पण चॅलेंजचा फॉर्म भर. कारणासकट लिही, मी वाचतो."

त्यानं दीड पान लिहून दिलं. त्यात स्वतःच्याच (अ)विरुद्धचे दोन मुद्दे माझ्यापेक्षा नेटके मांडले होते, आणि खाली तरीही चार मार्क मागितले होते.