गोऱ्हे आणि गोर्‍हे

दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी आमच्या गावच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. यंदाचं तिसरं वर्ष. येणाऱ्यांपैकी कुणालाच प्रोग्रॅमर व्हायचं नसतं. एका शिक्षिकेला तीन तुकड्यांचे गुण एका तक्त्यात आणायचे असतात. फोटो स्टुडिओतल्या पोराला लग्नाच्या चारशे फोटोंची नावं बदलायची असतात. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एकाला मुदत संपत आलेल्या मालाची यादी दर सोमवारी हवी असते. जो तो आपली डोकेदुखी पेनड्राइव्हवर घेऊन येतो, आणि मला नेमकं तेच आवडतं. पुस्तकातल्या उदाहरणावर माणूस अडला की उठून जातो. स्वतःच्या कामावर अडला तर पुढच्या शनिवारी दहा मिनिटं आधी हजर असतो.

काका गेल्या पावसाळ्यात आले. पतसंस्थेत एकतीस वर्षं कारकून, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मराठी टायपिंगची परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर दिलेली, त्यामुळे कीबोर्डवर बोटं अशी पडायची की शेजारची पोरं मान वळवून बघायची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, याला मराठी आकडे कळतात का?"

मी त्यांच्याच हातून अवतरणचिन्हांत १२३ लिहून घेतलं, त्याची इंट करून संख्या केली आणि त्यात एक मिळवायला लावला. उत्तर इंग्रजी आकड्यांत आलं, पण एकशे चोवीसच आलं. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. २००८ साली पायथॉनची तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून त्यातला सगळा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, धरला जातो, म्हणून व्हेरिएबलला, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्याला, नावसुद्धा मराठीत देता येतं. मी ते मुद्दाम शिकवते. "टोटल" लिहिताना स्पेलिंगला अडखळणारा माणूस "बेरीज" लिहिताना अडखळत नाही, आणि मग त्याचं डोकं कामाकडे मोकळं राहतं.

आता त्या शनिवारची गोष्ट. ऑक्टोबर महिना, दिवाळी बारा दिवसांवर. पतसंस्थेच्या सभेत डिव्हिडंड मंजूर झाला होता आणि यंदा पहिल्यांदाच तो रोख न देता थेट बँक खात्यावर जमा करायचा होता. त्यासाठी सभासदांकडून मोबाइलवर फॉर्म भरून घेतले होते. त्यात सभासद क्रमांकाचा रकाना होता, पण निम्म्यांनी तो मोकळा सोडलेला आणि काहींनी त्यात फोन नंबर टाकलेला. तेव्हा एकीकडे संस्थेची सभासद यादी, दुसरीकडे १,२०६ फॉर्म, आणि दोन्हींची जुळवणी नाव-गावावरून करायची. नावावरून जुळवणी करायची नसते, क्रमांकावरून करायची असते, हे मी पहिल्या महिन्यापासून कानीकपाळी ओरडते. पण समोर जे येतं त्यावरच काम करावं लागतं.

प्रोग्रॅम काकांनी स्वतः लिहिला होता, बावीस ओळींचा. सभासद यादीची डिक्शनरी, म्हणजे नावावरून नोंद शोधता येईल अशी यादी, करायची, एकेक फॉर्म घेऊन त्यातलं नाव-गाव तिच्यात शोधायचं, सापडलं तर खातं क्रमांक लावायचा, नाही तर वेगळ्या फाइलीत टाकायचं. पहिल्यांदा चालवला तेव्हा ९४ नावं वेगळी पडली. त्यात नेहमीचंच होतं: नावापुढे सुटलेली जागा, दोन शब्दांत दोन स्पेस, कुणी "श्री." लावलेलं, कुणी "सौ.". ते सगळं काढून टाकल्यावर उरली २७.

ती २७ मात्र हलेनात. काकांनी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. इकडे गोऱ्हे, तिकडे गोऱ्हे. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, गाव तेच. मी दोन्ही नावं कॉपी करून आयडलमध्ये, म्हणजे पायथॉन लिहायच्या खिडकीत, चिकटवली, मध्ये बरोबरीची दोन चिन्हं टाकली आणि एंटर मारलं. फॉल्स. म्हणजे दोन्ही सारखी नाहीत.

"मॅडम, हे खोटं बोलतंय," काका म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. खतावणीत बेरीज चुकली की कारकून जसा शांत होतो, तसे ते शांत झाले होते. "आणि बघा, दोन गोऱ्हे जुळलेत. पाच नाही जुळले. एकाच भावकीतले आहेत."

मला वाटलं, हे माहितीतलं दुखणं आहे. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने साठवता येतं, अख्खं एक अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असं जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. त्यासाठी नॉर्मलाइझ नावाची सोय आहे, ती दोन्ही रूपं एका रूपात आणते. दोन ओळी वाढवल्या, प्रोग्रॅम चालवला. २७ ची २४ झाली. तीन जुळली, बाकीची जशीच्या तशी. मी आपली तीच ओळ पुन्हा पुन्हा तपासत बसले, जणू माझ्या हातून काही राहिलंय. साडेसहा वाजत आले होते. बाकीच्यांनी आपापलं काम थांबवलं होतं आणि ते आमच्या पाठीमागे येऊन उभे होते.

काकांनी मग एक केलं जे मला सुचलं नव्हतं. त्यांनी ती २४ नावं कागदावर उतरवून घेतली आणि हजेरी घ्यावी तशी मोठ्यानं वाचायला लागले. गोऱ्हे. गोऱ्हे. पऱ्हाड. बऱ्हाटे. जाधव. इथे ते क्षणभर थांबले, मग पुढे गेले. कऱ्हाडकर. वऱ्हाडे. पुन्हा पऱ्हाड. कागद खाली ठेवून म्हणाले, "एक जाधव सोडला, तर सगळ्यांत तो अर्धा र आहे."

एकतीस वर्षं हाताने नावं लिहिलेला माणूस. ते अक्षर त्यांच्या बोटांत होतं, म्हणून त्यांना ऐकू आलं. मी नुसतं पडद्याकडे बघत होते आणि पडदा दोन्हीकडे सारखंच दाखवत होता.

मी दोन्ही गोऱ्ह्यांची लांबी काढली. फॉर्ममधल्या नावाची सहा, यादीतल्या नावाची सात. मग एक फॉर लूप लिहून दोन्ही नावं अक्षर अक्षर सुटी केली आणि प्रत्येकापुढे त्याचा युनिकोड क्रमांक छापला. फॉर्ममध्ये होतं: ग, ओकार, ऱ, हलन्त, ह, एकार. यादीत: ग, ओकार, र, हलन्त, मग एक ओळ जिच्यात काहीच दिसत नव्हतं, नुसता क्रमांक २००डी, आणि त्यानंतर ह, एकार. त्या मोकळ्या ओळीवर सगळ्यांची नजर खिळली. औषधाच्या दुकानातला मुलगा पुढे वाकून म्हणाला, "मॅडम, हे तर माझं आहे."

खरंच त्याचं होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्याने भावाच्या शेतमालासाठी प्रोग्रॅम लिहिताना व्हेरिएबलला "शेतकऱ्यांची_यादी" असं नाव कुठून तरी कॉपी करून दिलं होतं. पायथॉनने लाल ओळ दाखवली: न दिसणारं अक्षर चालत नाही, यू अधिक २००डी. मी घाईत होते. म्हटलं, "नुसतं यादी लिही," आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्याचं काम झालं, म्हणून मीही ते विसरले. त्याने मात्र तो क्रमांक वहीत लिहून ठेवला होता. हे मला आजही टोचतं. तो काय विचारत होता ते त्या दिवशी ऐकलं असतं, तर हा दीड तास वाचला असता.

२००डी म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, जागा न घेणारा जोडणारा. त्याची गरज का पडते, ते मी तिथेच फळ्यावर लिहून सांगितलं. र ला हलन्त लावून पुढे व्यंजन आलं की त्याचा रफार होतो आणि तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो: सूर्य, आर्या, दर्या. पण मराठीला तेवढ्याने भागत नाही. आपल्याला दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आणि आचाऱ्यांना जेवण किती माणसांचं ते सांगायचं. युनिकोडच्या जुन्या नियमात, १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत, हा र दाखवायचा तर र, हलन्त आणि पुढे जॉइनर असं लिहायचं होतं. नंतर ऱ आणि हलन्त अशी सोय झाली, पण जुनं लिखाण मोडू नये म्हणून जुना नियमही ठेवला. त्यामुळे आज दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही सारखेच दिसतात. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर शिफ्ट दाबून जे मारला की ऱ येतो. संस्थेची यादी मात्र आधी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती आणि काही वर्षांपूर्वी ती कुणीतरी कन्व्हर्टरमधून काढली होती; त्या कन्व्हर्टरने जुन्या पद्धतीचा र घातला. जुळलेले दोन गोऱ्हे त्यानंतर सभासद झालेले. त्यांची नावं काकांनी स्वतः इनस्क्रिप्टवर टाइप केली होती.

नॉर्मलाइझने हे का सुटलं नाही, तेही तेव्हाच लक्षात आलं. युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं एकच नाहीत. वाचणाऱ्याला ती एक आहेत, पण युनिकोडच्या नियमांत तसं लिहिलेलं नाही. म्हणजे ते आपणच सांगायचं.

स्टुडिओतल्या पोराला घाई. "मग तो २००डी पुसूनच टाका ना." मी त्याला करू दिलं. त्याने रिप्लेस लावून जॉइनर काढला आणि छापलं. पडद्यावर आलं: गोर्हे. रफार ह च्या डोक्यावर.

"हे आमचे गोऱ्हे नाहीत," काका लगेच म्हणाले. एवढं ठामपणे की सगळे हसले, पण ते हसले नाहीत. "मॅडम, पासबुकावर हे असं छापलं गेलं तर माणूस परत करेल. करायलाच पाहिजे."

मला त्यांचं ते वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. त्या पोराच्या उपायाने नावं जुळवता आली असती, कारण दोन्हीकडे सारखीच मोडतोड केली की संगणकाला पुरतं. पण त्या फाइलीतूनच पुढे पासबुकं आणि पाकिटांवरचे पत्ते छापले जाणार होते. म्हणून आम्ही र, हलन्त, जॉइनर ही तिन्ही एकत्र आली तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचे, एवढंच केलं. नुसता जॉइनर दुसरीकडे कुठे असेल तर त्याला हात लावायचा नाही. जोडाक्षर फोडून लिहायला तो मुद्दाम घातलेला असू शकतो. काकांनी त्याचं एक छोटं फंक्शन केलं, नाव ठेवलं "र_सरळ_कर", आणि वर टीप लिहिली: दर्या आणि दऱ्या एक नाहीत. सभासद यादी आणि फॉर्म, दोन्ही त्यातून काढले. मूळ फायलींना हात न लावता, प्रतींवर. एवढं त्यांना आता सांगावं लागत नाही.

एंटर. न जुळलेली नावं: १.

टाळ्या मीच पहिल्यांदा वाजवल्या. सव्वासात झाले होते, वाचनालयाचे शिपाई किल्ल्या घेऊन जिन्यात येऊन थांबले होते, आणि शिक्षिका बाई मात्र घाईघाईने आपल्या वर्गाची यादी उघडून त्यात ऱ कुठे कुठे आहे ते शोधत होत्या. त्यांच्याकडे दोन निघाले. गुणांच्या तक्त्यात त्या दोन मुली सहामाहीत गैरहजर दिसत होत्या. हजर असून गैरहजर.

मी काकांना म्हटलं, "तो एक जाधव राहिला. त्यात तर ऱ नाही. बघू या का, काय झालंय?"

काका पेनड्राइव्ह काढत होते. "त्याचं काही बिघडलेलं नाही मॅडम. तो जुळणारच नाही. सभासद वडील होते, श्रावणात गेले. पोराने फॉर्म स्वतःच्या नावाने भरलाय. वारस नोंदच झालेली नाही अजून." त्यांनी तो हजेरीचा कागद घडी करून खिशात ठेवला. "सोमवारी कोरा अर्ज घेऊन मीच घरी जातो. त्याला फॉर्मातलं कळत नाही फारसं."