निपाणी–पुणे–निपाणी: क्रायोबलूनची चार दिवसांची खेप

एएफ म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, आणि त्यावर फुग्याने शिरांची तोंडं गोठवायचा उपचार म्हणजे क्रायोबलून. या क्रायोची तारीख मिळाली की घरची मंडळी गाडी ठरवायला लागतात. खेप खरं तर तीन आठवडे आधी, रक्त पातळ करणाऱ्या गोळीपासून सुरू होते. मधला एक डोस जरी चुकला तरी हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत गुठळी धरू शकते. अन्ननलिकेतून केलेल्या एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ती दिसली की तारीख रद्द, आणि पावणेतीनशे किलोमीटर फुकट. हृदयातली मायट्रल झडप आवळलेली असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत, वॉरफेरिनसारखी जुनीच लागते. अशांनी निघायच्या आदल्या दिवशीचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय तो रिपोर्ट) खिशात ठेवावा.

पैशांचं आधी मिटवा. उपचाराचा खर्च उचलणारी महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठरवलं. पण गाव यादीत असणं वेगळं आणि हा उपचार पॅकेजात असणं वेगळं. दोन्हींचं उत्तर हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या तिथल्या मदतनिसाकडून) निघण्याआधीच घ्या. अंदाजपत्रकात फुगा, शीथ (फुगा आत नेणारी नळी) आणि मॅपिंग कॅथेटर (हृदयातले विजेचे संकेत टिपणारी तार) वेगवेगळे मांडून मागा. खर्चाचा मोठा वाटा फुग्याचाच असतो.

टेबलावर काय होतं? उजव्या जांघेतल्या शिरेतून साधारण ५ मिलिमीटर जाडीची नळी वर नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडे जातात, आणि फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरेच्या तोंडाशी २८ मिलिमीटरचा फुगा फुगवतात. एक्स-रेत दिसणारा डाय सोडून तोंड घट्ट बंद झालंय का ते बघतात. फट राहिली तर वाहत्या रक्ताची ऊब लागून गोठणं कच्चं राहतं, आणि एएफ परत येण्याची वाट उघडी राहते. मग फुग्यात गोठवणारा नायट्रस ऑक्साइड वायू, उणे ४० ते ५५ अंश, एका वेळी तीन-चार मिनिटं. बहुतेकांच्या अशा शिरा चार.

उजव्या शिरांच्या वेळी, श्वासपटल हलवणाऱ्या फ्रेनिक नसेला ठरावीक अंतराने वीज देतात आणि एक जण बरगडीखाली तळवा ठेवून उभा राहतो. दर वेळी उचकीसारखा धक्का हाताला लागतो. धक्का मंदावला की गोठवणं तिथल्या तिथे बंद. उशीर झाला तर श्वासपटलाची ती बाजू लुळी पडून जिना चढताना धाप लागते. बहुतेकांचं हे काही महिन्यांत भरून येतं.

सात दिवसांपेक्षा जास्त टिकलेल्या एएफमध्ये अपेक्षा बेतानेच ठेवावी. 'स्टॉप पर्सिस्टंट एएफ' या अभ्यासात, पहिले ९० दिवस सोडून, वर्षभर लय टिकली ती सुमारे ५५ टक्क्यांची. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोके पुन्हा बिघडले म्हणून उपचार फसला असं नाही. ईसीजी काढून पाठवावा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र किमान दोन-तीन महिने चालूच, पुढचं डॉक्टर ठरवतील.

परतीला घाई नको. त्या दिवशी चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं असतं, दुसऱ्या दिवशी पुण्यातच मुक्काम केलेला बरा. गाडीत पुढची सीट मागे पाडून बसा; सातारा, कराड, कोल्हापूरला उतरून पाच मिनिटं चाला. जांघेतून रक्त आलं तर तिथेच आडवं करून छिद्राच्या जरा वर बोटांनी दहा मिनिटं सलग दाबा. मधे उघडून बघू नका. काळानिळा डाग मांडीवर उतरला तर चालेल, कडक गाठ वाढत गेली तर जवळचं हॉस्पिटल गाठा. आठवडाभर घागर, पोतं, किक मारणं आणि उकिडवं बसणं बंद. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

घरी आल्यावर पहिले सहा आठवडे ताप, गिळताना दुखणं किंवा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर साधा ताप समजून गोळी घेत बसू नका. फुग्याच्या मागेच अन्ननलिका असते. क्वचित तिला भोक पडतं आणि ते जिवावर बेततं. अशा वेळी दुर्बीण घालायची नसते, छातीचा सीटी करायचा असतो. हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्या, म्हणजे रात्री निपाणीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांपुढे कार्ड ठेवलं तरी पुरे.