फादरकाका रिटायर झाले म्हणे

घरात एक फादर आहेत म्हटलं की लोक आधी विचारतात, रविवार सोडून बाकीचे दिवस ते करतात तरी काय. आणि मग जरा आवाज खाली आणून, म्हातारपणी त्यांचं बघतं कोण हो. दोन्ही प्रश्न इतक्या वेळा ऐकलेत की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

फादरकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ७५ पूर्ण झाली तसं त्यांनी बिशपांना, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या चर्चच्या प्रमुखांना, राजीनाम्याचं पत्र दिलं. म्हणजे कंटाळले वगैरे काही नव्हते, नियमच तसा आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ५३८ मध्ये आहे की पॅरिश प्रीस्टने (पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याची माणसं, तिथला कारभार बघणारा फादर) ७५ पूर्ण झाल्यावर राजीनामा द्यावा, आणि तो लगेच घ्यायचा की अजून थोडे दिवस थांबवायचा हे बिशपांनी बघायचं. खुद्द बिशपांनाही ७५ चीच अट आहे. बिशपांनी काकांना थोडं थांबवलं आणि मग स्वीकारला. आम्ही घरचे खूश, आता काका घरी येतील, मागची खोली रंगवून ठेवली, पलंग बदलला. काकांनी खोली बघितली, छान आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, "अरे, फ्रान्सिस पोप झाले तेव्हा ७६ वर्षांचे होते आणि बेनेडिक्ट तर ७८. त्यांना कुणी सांगितलं का घरी चला म्हणून?" आई तिथेच उभी होती, ती म्हणाली, "बेनेडिक्टनी पण ८५ ला राजीनामा दिलाच की फादर." आई त्यांची वहिनी, वयाने मोठी, पण फादरच म्हणते आणि फादर म्हणूनच त्यांना झापते.

तर ते आले नाहीत. पॅरिशमध्येच तळमजल्यावरच्या एका खोलीत राहतात, नवीन पॅरिश प्रीस्टना मदत करतात. सुरुवातीला मला हा हट्ट वाटायचा, आता वाटत नाही. कारण त्यांचं नेमकं काय सुटलं आणि काय राहिलं ते जवळून बघितलं. सुटलं काय तर हिशोबाच्या वह्या, गळणारं छप्पर, कौन्सिलच्या मीटिंगा, कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांत, कोण पुढे उभं राहणार ह्यावरून होणारी भांडणं, लाउडस्पीकर दुरुस्तीवाल्याच्या मागे लागणं. राहिलं काय तर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), कन्फेशन (लोकांची पापांची कबुली ऐकणं), आजारी माणसं आणि प्रार्थना. म्हणजे बघा ना, तरुणपणी ज्यासाठी सेमिनरीत, फादर होण्याच्या शिक्षणाला, गेले ते आयुष्यभर छप्पर आणि हिशोबाच्या मधल्या फटीत करत आले आणि आता कुठे ते पूर्ण वेळ हातात आलंय, आणि आम्ही म्हणतोय आराम करा.

पहाटे उठतात, कुणी न उठवता. आधी प्रार्थनाविधी, फादर लोकांना तो रोज म्हणावाच लागतो, सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, झोपतानाचा आणि शिवाय वाचनांचा एक. आता स्तोत्रं चार आठवड्यांत मिळून म्हणायची असतात, पूर्वी सगळीच्या सगळी १५० एका आठवड्यात संपवावी लागायची. काका लहानपणी वेदीवर मदतीला जायचे तेव्हा मिस्साही लॅटिनमध्ये, फादर लोकांकडे पाठ करून उभे, आणि ह्या पोरांनी अर्थ न कळता लॅटिन उत्तरं घडाघडा म्हणायची. १९६२ ते ६५ जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि नंतर सगळं बदललं, ६९ च्या शेवटी तर नवीन मिस्साच आली. काकांची ती उत्तरं अजून पाठ आहेत पण. औषधाच्या गुंगीत एकदा म्हणत होते, नर्सला वाटलं बरळतायत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी त्यांच्या फोनवर प्रार्थनेचं अॅप टाकून दिलं, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. वापरतात, रोज वापरतात. पण जुनं पुस्तक मांडीवर उघडं लागतंच, आणि फोनवर वाचता वाचता पुस्तकातल्या रंगीत रिबिनी सरकवत राहतात. आज कुठली तारीख, कुठला आठवडा, सगळं त्या रिबिनींवरून कळतं म्हणे. फोनवरही वर लिहिलेलं असतं ते सांगायचा नाद मी सोडलाय.

मिस्सेचं म्हणाल तर वेदीच्या पायऱ्या हा मोठा प्रश्न. गुडघे गेलेत. चर्चच्या कायद्यात आजारी किंवा वृद्ध फादरना बसून मिस्सा करायची मुभा आहे, फक्त लोकांसमोर बसून करायची तर बिशपांची परवानगी लागते. परवानगी मिळाली, खुर्ची आली, पण प्रभूभोजनाची प्रार्थना सुरू झाली की हे उभे राहणारच. हात थरथरतात म्हणून कटोरा दोन्ही हातांनी धरतात, वेदीसेवक पोरगा शेजारी असा उभा असतो की आत्ता झेल घेईल. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, बसून देतात, एकच रांग, बाकीच्या रांगा इतर लोक सांभाळतात. आणि त्या एका रांगेत गर्दी जास्त असते, हे मी मागच्या बाकावर बसून बघितलंय.

आईची खरी लढाई वेगळीच आहे. कम्युनियन घेण्याआधी एक तास काही खायचं नाही हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही त्यात सूट आहे, तेही चर्चच्या कायद्यातच लिहिलंय. काकांना शुगर आहे, गोळी आहे. लोकांना ही सूट कौतुकाने समजावून सांगतात आणि स्वतः काही घेत नाहीत. एकदा सॅक्रिस्टीत, मिस्सेची तयारी करतात त्या खोलीत, चक्कर येऊन बसले तेव्हा आईने नवीन पॅरिश प्रीस्टना सांगितलं की तुम्ही त्यांना आज्ञा करा. ते बिचारे माझ्यापेक्षा लहान, ते काय आज्ञा करणार. शेवटी बिशपांच्या कानावर घातलं. बिशपांचा फोन आला, आज्ञाधारकपणाचं वचन दिलेलं असल्यामुळे आता मिस्सेआधी खातात, चेहरा पाडून खातात, पण खातात.

प्रवचन मात्र आटोपशीर. पोप फ्रान्सिस २०२४ मध्ये म्हणाले होते की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, लोकांना झोप लागते, आणि ही एक गोष्ट काकांनी मनावर घेतली. समोर हातातलं घड्याळ काढून ठेवतात.

कानाचं मशीन लागल्यापासून कन्फेशनची वेगळीच पंचाईत. समोरचा कुजबुजतो, ह्यांना ऐकू येत नाही, आणि ह्यांना स्वतःचाही आवाज कळत नाही त्यामुळे उपदेश अख्ख्या चर्चला. म्हणून स्वतःच मागणी करून दार बंद होणारी बाजूची खोली घेतली. कन्फेशनची गुप्तता हा काही शिष्टाचाराचा भाग नाहीये, ती फोडली तर फादर आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतात, इतकी कडक शिक्षा आहे. घरी तर ह्या माणसाच्या तोंडून कधी काही निघालंच नाही. आई अजून प्रयत्न करते. अमकीच्या घरात काहीतरी बिनसलंय ना, आली होती का तुमच्याकडे? काका खिडकीबाहेर बघून म्हणतात, वारा काय मस्त सुटलाय. अर्ध्या पॅरिशचं त्यांना ठाऊक असणार आणि आम्हाला कायम शेवटी कळतं.

दुसरी एक गोष्ट ते फार कसोशीने पाळतात, नव्या फादरांच्या कामात तोंड घालत नाहीत. लोक येतात हो तक्रारी घेऊन, फादर तुमच्या वेळी असं नव्हतं, नवीन फादरांनी मिस्सेची वेळ बदलली, फुलांचं टेबल हलवलं. काका म्हणतात, ते पॅरिश प्रीस्ट आहेत, त्यांना सांगा. मग दार लावून घेतात. टेबल हलवलेलं त्यांनाही आवडलेलं नाही हे फक्त मला माहितीये.

सोमवार आमचा. रविवारी काम असतं म्हणून पुष्कळ फादर लोक सोमवारी सुटी घेतात, तसे काका सोमवारी घरी येतात. रंगवलेल्या खोलीत दुपारी झोपतात, म्हणजे ती खोली अगदीच वाया गेली असं नाही. आम्हा सगळ्या भावंडांचे बाप्तिस्मे त्यांनीच केले, लग्नं त्यांनीच लावली, त्यामुळे घरात भांडण झालं की प्रत्येकाला वाटतं काका आपल्या बाजूचे. ते कुणाच्याच नसतात. जमिनीच्या वाटणीच्या वेळी तर सगळ्यांनी गृहीतच धरलं की फादर आहेत, त्यांना काय करायचाय हिस्सा. खरं तर गरिबीचं व्रत संन्यासी संस्थांमधले फादर घेतात, डायोसिसच्या, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालच्या, फादरांचं तसं व्रत नसतं, त्यांच्या नावावर मालमत्ता असू शकते. काकांनी ते शांतपणे सांगितलं, आपला हिस्सा रीतसर नावावर करून घेतला आणि मग विधवा झालेल्या आत्याच्या नावाने मृत्युपत्र केलं. दोन चुलतभाऊ अजून नीट बोलत नाहीत त्यांच्याशी. पण मिस्सेला येतात, त्यांच्याच रांगेत.

वडील गेले तेव्हाही अंत्यविधीची मिस्सा काकांचीच. आम्ही पुढच्या बाकावर, ते वेदीवर, म्हणजे भावाच्या मयतीला घरच्यांबरोबर बसायचंही त्यांच्या वाट्याला आलं नाही. आवाज कुठे हलला नाही. सगळं उरकल्यावर ऑफिसात मृतांच्या नोंदवहीत नाव, वय, तारीख लिहिलेलं होतं आणि विधी कोणी केला त्या रकान्यात सही राहिली होती. मी बाजूला उभा होतो. त्यांनी पेन हातात घेतलं, वरची नोंद बोट ठेवून वाचली, वय एक वर्षाने चुकलंय म्हणाले, क्लार्ककडून ते दुरुस्त करून घेतलं आणि मग सही केली. त्यानंतर बराच वेळ टोपण सापडत नव्हतं त्यांना. पेनच्या मागच्या बाजूलाच लावलेलं होतं.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी रजा टाकतो आणि त्यांचा ड्रायव्हर होतो. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या लोकांना घरोघरी कम्युनियन न्यायचं असतं. खिशात जांभळ्या स्टोलची, म्हणजे गळ्यात घालायच्या पट्ट्याची, घडी आणि आत कापूस घातलेली छोटी धातूची डबी, आजाऱ्यांना लावायच्या तेलाची. हे तेल पवित्र आठवड्यात बिशप आशीर्वादित करतात आणि मग सगळ्या पॅरिशमध्ये वाटलं जातं. काकांच्या लहानपणी ह्याला शेवटचा अभ्यंग म्हणायचे, त्यामुळे डबी बाहेर निघाली की घरच्यांचे चेहरे अजूनही पडतात. मागे एका घरी सुनेने दारातच अडवलं, म्हणाली फादर नको, ते घाबरतील, त्यांना वाटेल आपलं संपलं. काका म्हणाले, बरं, नुसता गप्पा मारायला आलोय समज. आत गेले, म्हाताऱ्याशी जुन्या फुटबॉल मॅचवरून वाद घातला, कुणाचा गोल ऑफसाइड होता ह्यावर दोघेही चिडले. निघताना म्हातारेबुवाच म्हणाले, फादर, ते तेल आणलंय ना, लावून टाका की, इतक्या लांब आलात. कपाळाला आणि दोन्ही तळव्यांना लावलं. सून दारात पदराने डोळे पुसत उभी. ते आजोबा अजून आहेत बरं का, परवाच ऑफसाइडचा फोन आला होता.

आता तो दुसरा प्रश्न, बघतं कोण. चर्चच्या कायद्याप्रमाणे आजारपणात आणि म्हातारपणी फादरांची सोय लावणं ही चर्चची जबाबदारी आहे, आमच्या डायोसिसचं वृद्ध फादरांसाठी घरही आहे. काकांनी तिथला अर्ज स्वतःच भरून ठेवलाय, तारीख रिकामी सोडून. आई म्हणते ते तिकडे जाणार नाहीत, इथेच येणार. आत्या म्हणते तिच्याकडे. नवीन पॅरिश प्रीस्ट म्हणतात ते कुठेही जाणार नाहीत, सकाळची मिस्सा कोण करणार मग. काकांना विचारलं तर म्हणतात, "आधी जिना चढता येतोय तोवर चढू दे." खोली तळमजल्यावर आहे. जिना कॉयरचा. तिथे ह्यांचं काय काम ते विचारलं तर पुन्हा वारा सुटतो.

आज खरं तर गुडघ्याच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट होती, दोनदा पुढे ढकललेली. सकाळी फोन आला, कुणीतरी गेलंय, दुपारी मयत आहे, नवीन फादर बाहेरगावी, तू तिथल्या बाईंना सांग पुढच्या आठवड्यात येतो म्हणून. सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, फादर ना? मी नाव पेन्सिलीनेच लिहिलं होतं.